दिवाळीपर्यंतची बोलणी

माझ्या दादाला स्किझोफ्रेनिया आहे. काळाचौकीच्या चाळीत दहा बाय बाराची खोली, बाहेर सामाईक गॅलरी, गॅलरीच्या टोकाला नळ. अशा जागी आजार लपत नाही. विशी ओलांडताना दादा रात्र रात्र जागू लागला, पंख्याच्या घरघरीत कुणीतरी आपल्याविषयी बोलतंय असं सांगू लागला, तेव्हा आम्हाला कळायच्या आधी मजल्याला कळलं होतं. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं डोक्यावर परिणाम झालाय, लग्न लावून द्या म्हणजे ठीक होईल. अंगारे झाले, ताईत झाला. शेवटी वडिलांनी त्याला पालिकेच्या रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत नेलं आणि गोळ्या सुरू झाल्या.

गोळ्यांनी फरक पडला, हे मी सगळ्यात आधी सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्याचा कुणी उलटा अर्थ काढायला नको. झोप आली, जेवण सुधारलं, रस्त्यात थांबून हवेत उत्तरं देणं बंद झालं. आवाज मात्र पूर्ण गेले नाहीत. दादाच्याच शब्दांत सांगायचं तर ते शेजारच्या खोलीत राहायला गेले. भिंत पातळ आहे, बोलणं ऐकू येतंच. हात थरथरायचे, वजन वाढलं, सकाळी दहापर्यंत डोळे उघडायचे नाहीत. बरीच वर्षं उपचार म्हणजे एवढंच होतं. महिन्यातून एकदा ओपीडी, पहाटेपासून केसपेपरची रांग, मग आत दोन मिनिटं. झोप लागते का, जेवतो का, त्याच गोळ्या चालू ठेवा. समोरच्या तरुण डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांच्यासमोर बदलापूर, विरार, पनवेलहून आलेली माणसं बाकड्यांवर दाटीवाटीनं बसलेली असायची आणि दुपारपर्यंत सगळ्यांना बघायचं असायचं. पण इतक्या वर्षांत दादाला कुणीही विचारलं नव्हतं की आवाज नेमकं म्हणतात काय.

हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो एका मानसशास्त्रज्ञ मॅडमनी. एका संस्थेच्या केंद्रात कमी फीमध्ये बोलण्याचे उपचार मिळतात असं मला ओळखीतून कळलं होतं. बाहेर एका बैठकीला दीड-दोन हजार रुपये पडतात. आमच्यासारख्यांना ते परवडत नाही. दादा आधी यायला तयारच नव्हता. आणखी एक डॉक्टर, आणखी एक फाइल, याला तो कंटाळला होता. मॅडमनी फोनवर त्याला एवढंच सांगितलं, "आठवड्यातून एकदा भेटू, पाऊण तास. श्रावणात सुरू करू, दिवाळीला थांबू. मध्ये गणपतीची सुट्टी." दादा हो म्हणाला. मला वाटतं, दिवाळी हा शब्द ऐकून तो तयार झाला. आजार आयुष्यभराचा, गोळ्या आयुष्यभराच्या, पथ्य आयुष्यभराचं, असंच त्याला आजवर सांगण्यात आलं होतं. शेवट ठरलेली गोष्ट त्याच्यासमोर पहिल्यांदाच कुणीतरी ठेवली.

विचार आणि वागणं यांवर बोलून काम करणाऱ्या या उपचाराला कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी म्हणतात, सीबीटी. स्किझोफ्रेनियासाठी ती वापरण्याची कल्पना जुनी आहे. १९५२ साली अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ एरन बेक यांनी एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. सरकारी तपास यंत्रणेची माणसं आपल्यावर पाळत ठेवतात असा त्या तरुणाचा पक्का समज होता, आणि बेक यांनी त्याच्याशी बोलून, त्या माणसांकडे एकेक करून नीट बघायला लावून, तो समज सैल केला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध पहिल्यांदा अशा रुग्णांना देण्यात आलं. औषधाचा परिणाम इतका उघड होता की बोलण्याची वाट कित्येक दशकं मागे पडली. १९९०च्या दशकात ब्रिटनमध्ये तिच्यावर पुन्हा गंभीरपणे काम सुरू झालं. आज तिथल्या सरकारी मार्गदर्शक सूचना सांगतात की स्किझोफ्रेनिया असलेल्या प्रत्येकाला औषधांच्या जोडीनं सीबीटी देऊ करावी, किमान १६ बैठका.

सोळा! आमच्या ओपीडीची रांग आठवून मी हा आकडा पुन्हा वाचला होता.

पहिल्या बैठकीत मॅडमनी आवाज खरे की खोटे याचा विषयच काढला नाही. "किती वाजता जास्त येतात?" असं विचारलं. दादा जरा थांबला. मग म्हणाला, "संध्याकाळी सहा ते आठ. आणि दादरला पूल चढताना." बाईचा की पुरुषाचा? पुरुषाचा. काय म्हणतो? दादानं माझ्याकडे बघितलं. मी बाहेर जाऊन बसले. नंतर त्यानं स्वतःहूनच सांगितलं.

शंभर पानी शाळेची वही घ्यायला सांगितली होती. पट्टीनं चार रकाने आखायचे: कधी, काय म्हणाला, मी काय केलं, त्रास किती. त्रासाला शून्य ते दहा गुण. वही दादाची आहे. त्यानं परवानगी दिली म्हणून त्यातल्या दोन नोंदी इथे देते. पहिल्या आठवड्यातली: "मंगळवार ७.१०. आला बघ आयतोबा. आत आलो, दार लावलं, चादर घेतली. ८." पुढे भाद्रपद उलटल्यावरची: "शुक्रवार ७.३०. आला बघ आयतोबा. पेपर मोठ्यानं वाचला, क्रीडा पान. ४." वाक्य तेच, वेळही जवळपास तीच. मोठ्यानं वाचणं, गुणगुणणं, कानात रेडिओ लावणं यांनी आवाजाचा जोर कमी होतो असा अनेकांचा अनुभव आहे. ज्याला जे लागू पडेल ते शोधायचं, म्हणून वही. दादाला रेडिओ लागू पडला नाही. निवेदक आपल्यालाच बोलतोय असं त्याला वाटायचं. पेपर लागू पडला.

"आयतोबा हा शब्द कुणाचा?" मॅडमनी विचारलं तेव्हा दादानं लगेच सांगितलं, बाबांचा. आमचे वडील गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर त्यांना कायमची नोकरी मिळाली नाही. पुढे आयुष्यभर त्यांनी बारा-बारा तास वॉचमनची ड्युटी केली. कामाला न जाणाऱ्या माणसाला ते आयतोबा म्हणायचे. दादाला तोंडावर कधी म्हणाले नव्हते. आवाज तो शब्द त्याला रोज म्हणत होता.

मानववंशशास्त्रज्ञ टान्या लुरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्निया, घानातलं अक्रा आणि आपलं चेन्नई, तिन्हीकडच्या प्रत्येकी २० जणांना त्यांनी त्यांच्या आवाजांबद्दल विचारलं. अमेरिकेतले लोक बहुतेक करून अनोळखी, हिंसक आवाज सांगत. चेन्नईतल्या अर्ध्याहून अधिक लोकांना नात्यातल्या माणसांचे आवाज येत. घरातलं काम कर, आंघोळ कर, असं सांगणारे, रागावणारे. हे वाचलं तेव्हा दादाचा संध्याकाळचा तो पुरुषी आवाज मला वेगळा ऐकू येऊ लागला. सहा ते आठ ही चाळीत कामावरून घरी परतणाऱ्यांची वेळ. जिन्यावर पावलं वाजतात, डबे वाजतात, गॅलरीतून एकेक माणूस आपल्या दारात शिरतो. दादाकडे नोकरी नाही. त्या दोन तासांत त्याला आयतोबा ऐकू येतं. आवाज मेंदूतल्या बिघाडातून येत असेल, पण त्याचे शब्द आमच्याच घरातले आहेत. आणि शब्द आमचे असतील तर त्यांच्याबद्दल बोलता येतं.

दुसरा विषय चहावाल्याचा. नाक्यावरचा चहावाला दादा दिसला की ग्लास आपटतो, तो इशारा असतो, अशी त्याची खात्री होती. त्यामुळे तो लांबच्या रस्त्यानं जायचा. खात्री किती? शंभरातले नव्वद, दादा म्हणाला. मॅडम म्हणाल्या, "असेलही इशारा. आणखी काय कारण असू शकेल, आपण दोघं मिळून लिहू." पाचसहा कारणं लिहिली. मग ठरलं की चहावाल्याला दिसणार नाही अशा जागी बसून ऐकायचं. दादा समोरच्या बसस्टॉपच्या आडोशाला बसला. ग्लास आपटत होताच. विसळलेला प्रत्येक ग्लास चहावाला उपडा करून फळीवर आपटत होता, पाणी निथळावं म्हणून, समोर कुणी असो वा नसो. पुढच्या बैठकीत मॅडमनी विचारलं, आता किती?

"साठ," दादा म्हणाला. "बाकीचे तीस कमी केले. साठ मी ठेवतो."

"ठेवा," मॅडम म्हणाल्या.

मला त्या बाईंबद्दल सगळ्यात जास्त आदर या एका शब्दासाठी वाटतो. साठाचे शून्य करण्याचा त्यांनी आग्रह धरला नाही. दादा त्या रस्त्यानं जाऊ लागला, तेवढं पुरे होतं. वर्षानुवर्षं सगळे त्याला समजावत आले होते, वेड्या असं काही नसतं, आणि प्रत्येक समजावणीनंतर त्याची खात्री आणखी पक्की होत गेली होती. माघार म्हणजे हार, अशा वादात कोण माघार घेतो? इथे वादच नव्हता, म्हणून त्याला स्वतःच्या मनानं तीस गुण सोडता आले.

एक बैठक घरच्यांसाठी होती. आई आली, नेसायचं चांगलं लुगडं नेसून, जणू कुणाकडे बोलणी करायला चाललीय. तिचा प्रश्न तयार होता. "याला हे सगळं खोटं आहे हे कधी कळणार?" मॅडमनी उत्तर दिलं नाही, उलट विचारलं की तुम्हाला कधी नसलेलं ऐकू आलंय का. आई बराच वेळ पदर चाळवत बसली. मग म्हणाली, "हे गेल्यावर वर्षभर मला यांचा खोकला ऐकू यायचा. पहाटे, गॅलरीत. मी उठून दार उघडायची." मॅडम म्हणाल्या, जोडीदार गेल्यावर हे पुष्कळांना होतं, त्यात आजार नाही. चार रात्री झोप मिळाली नाही तर धडधाकट माणसालाही ऐकू येऊ शकतं. दादा आईकडे बघत होता. "मला कधी बोलली नाहीस," तो म्हणाला. "काय बोलू," आई म्हणाली, "तुझ्यात आणखी भर कशाला."

त्या पाऊण तासात आमच्या घरातली कितीतरी वर्षांची एक रेघ पुसली गेली, एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला आम्ही शहाणे अशी.

मग आम्हाला एक वाक्य शिकवलं. आवाज नाही असंही म्हणायचं नाही, आहे असंही नाही. "मला ऐकू येत नाही रे, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय. काय करूया?" आईला ते जमायला वेळ लागला. सुरुवातीला ती पाठ केल्यासारखं म्हणायची आणि दादा हसायचा. पण हसायचा. लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार पूर्वी दाखवून दिलं होतं की ज्या घरात सतत टीका, राग किंवा जीव गुदमरेल इतकी काळजी असते, तिथे रुग्ण पुन्हा आजारी पडण्याचं प्रमाण जास्त असतं. पुढे चंदीगडमध्ये असाच अभ्यास झाला तेव्हा तिथल्या घरांत ही तीव्रता लंडनपेक्षा कमी आढळली. आपल्याकडची घरं सोसून घेतात, हे खरंच आहे. पण दहा बाय बाराच्या खोलीत काळजीला जागाही कमी असते. आई गोळ्या मोजायची, घास मोजायची, रात्री उठून त्याचा श्वास बघायची. तेव्हा ठरवलं की संध्याकाळचा अर्धा तास गॅलरीचा कोपरा दादाचा, तिथे कुणी डोकवायचं नाही. शेजारच्या काकूंनाही सांगितलं. त्यांनी स्वतःची खुर्ची आत घेतली.

गणपतीची सुट्टी मॅडमनी वाया जाऊ दिली नाही. लालबागजवळ राहणाऱ्याला ते दिवस काय असतात हे मी वेगळं सांगायला नको. ढोलताशे, रात्रभर रांगा, गल्लीगल्लीत लाऊडस्पीकर, झोपेचं खोबरं. दादाची तब्येत आजवर ज्या ज्या वेळी बिघडली त्यातल्या बऱ्याच वेळा भाद्रपदातच होत्या, हे तारखा मांडून बघेपर्यंत आमच्या लक्षात आलं नव्हतं. यंदा तो बदलापूरला मावशीकडे गेला, गोळ्यांची पट्टी आणि वही घेऊन. विसर्जनानंतर परत आला. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर त्यानं स्वतःच्या अक्षरात धोक्याच्या खुणा लिहिल्यात: झोप चार तासांच्या खाली, दाढी करत नाही, मोबाईल उशीखाली दडवतो. यातल्या दोन दिसल्या तर काय करायचं, कुणी कुणाला फोन करायचा, डॉक्टरांना कधी गाठायचं, हेही. रात्री-अपरात्री कुणी मिळालं नाही तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर. फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी केंद्र सरकारची ही मोफत सेवा २०२२च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. मराठीत बोलता येतं.

दिवाळी आली, बैठका थांबल्या. आवाज येतात. दादाला नोकरी लागली नाही, आणि सकाळी अंथरुणातून उठण्याची उमेद कमी असणं, जे या आजारात आवाजांपेक्षाही चिवट असतं, ते फारसं बदललेलं नाही. गोळ्यांचा डोस तोच आहे. आजार भरात असताना, माणूस झोपत नाही, घाबरून दार उघडत नाही, अशा वेळी वही-पेनाचा उपयोग नाही. तेव्हा डॉक्टर आणि औषध हवं. हे सगळं मला मान्य आहे. तरी मी म्हणेन की त्या तीनेक महिन्यांत दादाला जे मिळालं ते आधीच्या इतक्या वर्षांत कुणी दिलं नव्हतं.

एवढ्या कमी बैठका पुरतात का? संशोधनातल्या व्याख्येप्रमाणे थोडक्यातली सीबीटी म्हणजे चार महिन्यांच्या आत ६ ते १० बैठका, आणि नेहमीची म्हणजे चार ते सहा महिन्यांत १२ ते २०. या दोन्हींची समोरासमोर तुलना करणारे प्रयोग वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेनं २०१५ साली शोधले तेव्हा एकही सापडला नाही. म्हणजे थोडक्यातली कमी पडते असंही तेव्हा कुणी सिद्ध केलेलं नव्हतं आणि तेवढीच चालते असंही नाही. मात्र थोडक्यातल्या बैठका आणि नुसते नेहमीचे उपचार यांची तुलना झालेली आहे. ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४२२ रुग्ण होते. सहा बैठका, काळजी घेणाऱ्यांसाठी आणखी तीन, आणि त्या घेणाऱ्या होत्या थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका. एकूण लक्षणं, आजाराची जाण आणि उदासी यांत फरक दिसला. कराचीत सहा बैठका आणि घरच्यांसाठी एक, अशी तिथल्या चालीरीतींना जुळवून घेतलेली पद्धत वापरली गेली, तिथेही उपयोग झाला. सीबीटीचा फायदा माफक आहे, असं या क्षेत्रातले बरेच जण म्हणतात, आणि मी ते नाकारत नाही. पण ज्याला दोन मिनिटांवर काही मिळालेलंच नाही, त्याच्या घरी माफक फायदा ही मोठी गोष्ट असते.

परिचारिकांचा तो मुद्दा मी सोडायला तयार नाही. आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, १२ राज्यांत (महाराष्ट्र त्यात नव्हता), गंभीर मानसिक आजार असलेल्यांपैकी ७३.६ टक्के लोक उपचारांपासून दूर असल्याचं आढळलं. एवढ्यांना पुरतील इतके मानसशास्त्रज्ञ कुठून आणणार? पण आपल्याच साताऱ्यात, गोव्यात आणि तमिळनाडूत मिळून २८२ रुग्णांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. स्थानिक, साधं शिक्षण असलेल्या कार्यकर्त्यांना आधी शिकवलं गेलं, मग त्यांनी वर्षभर घरी जाऊन रुग्णांशी आणि घरच्यांशी काम केलं, डॉक्टरांचे उपचार चालूच. लक्षणांत आणि रोजच्या जगण्यातल्या अडचणींत थोडी पण खरी सुधारणा झाली. साताऱ्यात जे होऊ शकलं ते परळ-भोईवाड्यात का होऊ नये? पालिकेकडे आरोग्यसेविका आहेत, रुग्णालयांत समाजसेवक आहेत, परिचारिका आहेत. मानसोपचाराच्या ओपीडीशेजारी एक खोली, दार बंद होईल अशी, आणि आठवड्यातून दोन दुपारी शिकलेलं एक माणूस. शुभंकरांच्या गटात, म्हणजे आमच्यासारख्या सांभाळणाऱ्यांच्या गटात, मी हे बोलते तेव्हा सगळ्यांना हेच हवं असतं. अर्ज लिहिलाय, सह्या गोळा करतोय.

मॅडमनी फेब्रुवारीत एक फेरबैठक ठेवलीय, सगळं नीट चाललंय का बघायला. दादानं वहीत दोन प्रश्न लिहून ठेवलेत. रात्रीची गोळी नऊऐवजी दहाला घेतली तर चालेल का, हा पहिला. त्याचं उत्तर डॉक्टरांना विचारावं लागेल असं मी त्याला म्हटलंय. दुसरा असा की प्रेसमध्ये अर्धवेळ पॅकिंगचं काम मिळतंय, तर मालकाला आजाराचं सांगावं की नाही. आई म्हणते अजिबात नको. मला वाटतं सांगावं, निदान दुपारी लागणाऱ्या झोपेबद्दल तरी. दादाचं अजून ठरत नाही. त्यानं पान आखून दोन्ही बाजू लिहायला घेतल्यात, आणि आमच्या दोघींची मतं एकाच रकान्यात घातलीत.